दर्यापूरचा नगरकारभार : नाडीपरीक्षा आणि पथ्य

राज्यातील नगरपालिका आणि नगरपंचायती यांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरात एकदाच्या पार पडल्या. २१ डिसेंबरला मते मोजली गेली, मिरवणुका निघाल्या, गुलाल उधळला गेला आणि ज्या सभागृहांना चार वर्षांच्या आसपास कुलूप होते ती सभागृहे पुन्हा उघडली. दर्यापूरच्या नगरपालिकेतही आता लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष आणि सदस्य बसले आहेत. त्यांचे अभिनंदन करणे हा शिष्टाचार आहे आणि तो आम्ही आनंदाने पाळतो. परंतु गुलाल धुतला गेल्यावर जो प्रश्न उरतो, तो कोण जिंकले आणि कोण हरले हा नव्हे. ज्या संस्थेच्या खुर्च्यांसाठी एवढी झुंज झाली त्या संस्थेची प्रकृती कशी आहे? तिच्या हाती अधिकार किती, तिजोरीत स्वतःचा पैसा किती आणि पुढील वीस वर्षांचे गाव डोळ्यांसमोर आणण्याची तिची कुवत किती? निवडणुकीच्या धामधुमीत अशा प्रश्नांना उत्तर मिळत नसते. ते मागण्याची वेळ आता आली आहे.

नगरकारभाराचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा मुंबई, पुणे आणि नागपूर यांच्यापलीकडे सहसा जात नाही. मुंबईत रस्त्यावर खड्डा पडला की त्याची वार्ता अख्ख्या महाराष्ट्रात पोहोचते. वऱ्हाडातील एखादे तालुक्याचे गाव महिनोन् महिने तहानलेले राहिले तरी त्याची दखल आतल्या पानाच्या कोपऱ्यात होते. वस्तुतः स्थानिक स्वराज्याची खरी कसोटी दर्यापूरसारख्या गावांतच लागते. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती. चंद्रभागेच्या काठचे दर्यापूर आणि त्याला जडलेले बनोसे अशी ही जोडवस्ती. म्हणूनच जनगणनेच्या दप्तरात तिची नोंदही दर्यापूर बनोसा अशी जोडनावानेच होते. भोवती कापसाची काळी जमीन, पोटात पूर्णेच्या खोऱ्यातील खारे पाणी आणि बनोसे स्थानकावर आता बंद पडलेल्या, मूर्तिजापूर ते अचलपूर या ‘शकुंतले’च्या अरुंद मार्गाची आठवण. महानगरांना जी धनाची आणि तज्ज्ञांची साथ असते ती येथे नाही. म्हणून येथे संस्था सुदृढ असेल तरच गाव सुदृढ राहील. संस्था खंगली तर तिची जागा घेण्यास दुसरे कोणी नाही.

या संस्थेची परंपरा लहान नाही. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा जो ठराव केला त्यात, कारभारात थोडी गैरसोय झाली तरी चालेल, परंतु लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळाले पाहिजे, असा हेतू स्पष्ट होता. त्या वेळी निजामाकडून इंग्रजांकडे कारभारासाठी आलेल्या वऱ्हाडात १८८६ मध्ये स्वतंत्र नगरपालिका कायदा झाला. पुढे १९२२ चा मध्यप्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायदा आला. आणि आज आपण ज्या कायद्याखाली आहोत तो १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. गोपाळ कृष्ण गोखले त्याच नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. अमरावतीत दादासाहेब खापर्डे यांच्यासारख्या अखिल भारतीय कीर्तीच्या पुढाऱ्याला नगरपालिकेचे काम कमी प्रतीचे वाटले नाही. नळ, दिवे आणि गटारे यांचा विचार करणे हे देशकार्याहून वेगळे आहे, अशी त्या पिढीची समजूत नव्हती. ती समजूत आमच्या काळाने करून घेतली, आणि तिचे प्रायश्चित्तही आपणच भोगीत आहोत.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, या संस्थांना प्रथमच राज्यघटनेत स्थान मिळाले. बाराव्या परिशिष्टात अठरा विषय घातले गेले; त्यात पहिलाच विषय नगरनियोजनाचा आहे. दर पाच वर्षांनी निवडणूक, मुदत संपण्यापूर्वी नवी सभा, मागासवर्गीयांना आणि स्त्रियांना राखीव जागा, राज्य वित्त आयोग, जिल्हा नियोजन समिती अशी ही रचना कागदावर भक्कम आहे. २०११ मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून आणखी एक चांगले पाऊल टाकले. परंतु घटनेने विषय सोपवण्याची मुभा राज्यांना दिली आणि राज्यांनी मुभेचा अर्थ आपल्या सोयीने लावला. नगरपालिकेचा मुख्याधिकारी शासन नेमते आणि शासनच बदलते. सभेने केलेल्या ठरावाची अंमलबजावणी कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी रोखू शकतात. नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडावा की सदस्यांनी, याविषयी शासनाचे मत २०१६ मध्ये एक होते, २०२० मध्ये दुसरे झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा पहिल्यावर आले. ज्या घराचा कर्ता कसा निवडावा हे शेजारी ठरवतात आणि दर दोन-चार वर्षांनी बदलतात, त्या घराला घरपण कसे येणार?

या दुखण्याचा कळस गेल्या चार वर्षांत झाला. राज्यातील बहुतेक नगरपालिकांच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत झाल्या होत्या. त्यांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून संपू लागली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी जो निर्णय दिला, त्याची सुरुवात वाशीम, अकोला आदी आपल्याच भागातील जिल्हा परिषदांच्या प्रकरणातून झालेली होती. पुढे बांठिया आयोगाचा अहवाल, प्रभागरचनेचे बदलते कायदे आणि तारखांमागून तारखा अशी ही वाट लांबत गेली. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा चक्र हलले. मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो नीट सोडवलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु तो सोडवण्यासाठी सबंध राज्यातील शहरांचा मताधिकार चार वर्षे गुंडाळून ठेवावा लागला, हे राज्यकर्त्यांच्या सर्वच पक्षांना शोभणारे नाही. या काळात मुंबईत सरकारे बदलली. शहरांतील प्रशासक तेवढे बदलले नाहीत.

येथे आमच्या सुशिक्षित वाचकांपैकी अनेकांच्या मनातील एका विचाराचा परामर्श घेणे प्राप्त आहे. “नगरसेवक नव्हते तेव्हा काय बिघडले? उलट कटकट कमी झाली, कामे मुकाट्याने झाली,” असे उद्गार चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून आम्ही ऐकले आहेत. या म्हणण्यात तथ्याचा अंश नाही असे नाही. सभागृहातील आरडाओरड, टक्केवारीची कुजबूज, गटातटांचे राजकारण यांनी नागरिक विटला आहे. एखाद्या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याने रखडलेली कामे मार्गी लावली असतील तर त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तथापि हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर विधानसभाही बंद करून सचिवांच्या हाती राज्य द्यावे लागेल. प्रशासकाच्या राजवटीत प्रस्ताव मांडणारा, त्याला मंजुरी देणारा आणि त्याची अंमलबजावणी करणारा हात एकच असतो. अंदाजपत्रकावर प्रश्न विचारणारा कोणी नसतो. अधिकारी बदलून जातो. त्याच्या सहीने जो रस्ता किंवा जो करार झाला त्याचे परिणाम मात्र गावाला पुढील दोन पिढ्या भोगावे लागतात. नगरसेवक कितीही सामान्य असला तरी त्याला त्याच गल्लीतून रोज जायचे असते आणि पाच वर्षांनी त्याच दारात हात जोडून उभे राहायचे असते. हे बंधन कोणत्याही शासननिर्णयाने निर्माण करता येत नाही.

शिवाय लोकनियुक्त सभा नसल्याचा तोटा केवळ तात्त्विक नाही, तो रोख रकमेचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी जी अनुदाने दिली, ती रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठी होती. निवडणुका लांबल्या तेथे ती अडली. जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या सदस्यांमधून निवडायचे असतात. जेथे सदस्यच नाहीत तेथे समितीत कोण बसणार? अमरावती जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत दर्यापूरची बाजू मांडण्याचा जो घटनादत्त मार्ग होता, तो त्या काळात बंद होता. ज्यांना “काही बिघडले नाही” असे वाटते त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता तिजोरीकडे वळू. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण नगरपालिकांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. जकात हे एके काळी त्यांचे हुकमी उत्पन्न होते. तिचे नाके, तिच्यातील लाचलुचपत आणि व्यापाराला होणारा त्रास हे सर्व खरे होते आणि १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाली तेव्हा कोणी अश्रू ढाळले नाहीत. परंतु जकातीच्या जागी आले ते शासनाचे सहायक अनुदान. बाजार वाढला की उत्पन्न वाढावे हा संबंध त्या दिवशी तुटला. कापसाच्या हंगामात दर्यापूरच्या बाजारात कितीही उलाढाल झाली तरी नगरपालिकेच्या पदरात त्याचा थेट अंश पडत नाही. पगार कोणत्या तारखेला होतील हे मुंबईहून येणाऱ्या पत्रावर अवलंबून राहिले. उरलेला निधी नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामे अशा नावांच्या योजनांतून येतो. त्यात कोणते काम घ्यायचे हे पुष्कळदा वरच ठरलेले असते. म्हणून गावाला नालीची गरज असते आणि मंजुरी प्रवेशद्वाराची येते. वित्त आयोगाच्या अनुदानातही शंभरांतील साठ रुपये पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले होते. ते बंधन आम्ही वावगे मानीत नाही. निदान त्यामुळे पैसा मूलभूत गरजेकडे जातो. परंतु दुसऱ्याने बांधून दिलेल्या शिदोरीवर संसार चालत नाही.

स्वतःचे म्हणता येईल असे उत्पन्न उरले ते मुख्यत्वे मालमत्ता कराचे, आणि त्याची कथा अधिक खेदजनक आहे. कायद्याप्रमाणे दर चार वर्षांनी घरांची नव्याने आकारणी व्हावयास हवी; तिला नगरपालिकांच्या भाषेत चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. बहुतेक गावांत तिचे नाव निघाले की निवडणूक आठवते आणि फाइल मागे पडते. मग कधीतरी एकदम वाढ होते, लोक चिडतात, मोर्चे निघतात, शासन स्थगिती देते आणि सर्व काही जागच्या जागी राहते. यात अन्याय गरिबावरच अधिक होतो. जुन्या वस्तीतील मातीच्या घराचा कर नोंदवहीत कायम असतो. नव्या लेआउटमधील दुमजली इमारत मात्र नोंदीत कोरा भूखंड म्हणून राहू शकते. कर वाढवा असे म्हणणे वर्तमानपत्राला लोकप्रिय करणारे नाही, हे आम्ही जाणतो. तरीही आमचे स्पष्ट मत आहे की, नव्या सभेने आपल्या मुदतीच्या पहिल्या वर्षातच आकारणीचे काम निःपक्षपातीपणे हाती घ्यावे, सुटलेली प्रत्येक इमारत नोंदीत आणावी आणि जमा झालेला पैसा कोठे गेला ते प्रभागवार प्रसिद्ध करावे. पहिल्या वर्षी जे साधणार नाही ते पाचव्या वर्षी खचित साधणार नाही.

पाण्याचा प्रश्न दर्यापूरच्या बाबतीत जीविताचा प्रश्न आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टरांचा आहे आणि दर्यापूर त्याच्या पोटात वसलेले आहे. नदीने युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाच्या खोल थरांत क्षार साठले आहेत. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिण्यास निरुपयोगी आणि पिकांस घातक. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या पट्ट्यात किती वर्षांपासून ऐकू येत आहेत हे वाचकांस सांगावयास नको. सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शहानूर धरणाचे गोड पाणी नळाने येथवर आले, हा या भागाच्या इतिहासातील मोठा दिलासा होय. परंतु ही योजना प्रादेशिक आहे, ती जीवन प्राधिकरणाच्या हाती आहे आणि तिच्यावर गावोगावच्या वस्त्यांची तहान अवलंबून आहे. वाटेत नळ फुटला अथवा वीज गेली की शहर कोरडे पडते. नागरिक रिकामा हंडा घेऊन नगरपालिकेत जातो, आणि नगरपालिका दुसऱ्या दाराकडे बोट दाखवते. १९६५ च्या कायद्याने पाणीपुरवठा हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य एकाचे आणि किल्ली दुसऱ्याकडे अशी ही व्यवस्था आहे. ती किल्ली उद्याच काढून घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. लहान नगरपालिकेला एवढी मोठी योजना पेलणारही नाही. परंतु योजनेच्या नियमनात शहराचा प्रतिनिधी हवा, पाणी कोणत्या प्रभागात कोणत्या वेळी येणार याचे वेळापत्रक जाहीर हवे आणि शहराच्या स्वतःच्या साठवणीची क्षमता काही दिवसांच्या खंडाला पुरेल एवढी हवी.

येथेच स्थानिक बुद्धीची गरज स्पष्ट होते. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने, जी २०२० च्या डिसेंबरात लागू झाली, पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पावसाचे पाणी साठवणे अथवा जिरवणे बंधनकारक केले. पुण्यामुंबईच्या संकुलांना तो नियम ठीक आहे. दर्यापुरातील सामान्य घराचा भूखंड एवढा मोठा नसतो. म्हणजे ज्या गावाला छपरावरच्या गोड पाण्याची सर्वांत अधिक गरज, त्या गावातील बहुतेक घरे नियमाच्या बाहेर! शिवाय क्षारांनी भरलेल्या थरात गोड पाणी सोडण्यापेक्षा ते टाकीत साठवणे येथे अधिक हिताचे, ही गोष्ट मंत्रालयात बसून सुचणार नाही. ती येथील सभेला सुचली पाहिजे आणि लहान घराने टाकी बांधली तर करात सवलत देण्याचा ठराव तिने केला पाहिजे. स्थानिक स्वराज्य म्हणजे वरून आलेल्या परिपत्रकाची प्रत काढणे नव्हे. आपल्या मातीला आणि पाण्याला अनुरूप असा विचार करणे होय.

नगरनियोजनाची अवस्था याहून निराळी नाही. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने प्रत्येक नगरपालिकेवर विकास योजना करण्याची जबाबदारी टाकली. शाळा, क्रीडांगण, बाजार, रुग्णालय, बाग, रुंद रस्ते यांसाठी नकाशावर जागा राखून ठेवल्या जातात आणि नकाशा रंगीत असल्यामुळे सुंदर दिसतो. परंतु राखीव जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण गळून पडते. तिजोरी रिकामी असणाऱ्या नगरपालिकांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडते. मालकाचा यात दोष नाही. त्याची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणालाच नसावा. दोष आहे तो मोबदल्याची तरतूद न करता आरक्षणाचे शिक्के मारणाऱ्या नियोजनाचा. क्रीडांगण एकदा गेले की ते परत येत नाही, आणि त्या गावच्या मुलांच्या दोन पिढ्या रस्त्यावर खेळतात.

नकाशाच्या बाहेर दुसरेच गाव वाढत असते. शेताचे तुकडे पडतात, गुंठ्या-दोन गुंठ्यांचे व्यवहार होतात, चुन्याच्या रेघा मारून रस्ते दाखवले जातात आणि आयुष्याची पुंजी घालून शिक्षक, कारकून, लहान शेतकरी तेथे घर बांधतात. मग कळते की नाली नाही, दिवा नाही आणि नकाशात दाखवलेली खुली जागा विकली गेली आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्या नियमित करण्याची वाट काढली. २०२१ मध्ये तिची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्या तिच्यात घेतल्या गेल्या. घर बांधलेल्या सामान्य माणसाला दिलासा मिळाला हे योग्यच. परंतु दर वीस वर्षांनी क्षमा मिळणार असेल तर नियम पाळणारा मूर्ख ठरतो आणि रेघा मारून पसार होणारा शहाणा. त्यात आपली जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. शोषखड्ड्यातील पाणी ती मुरू देत नाही आणि उथळ पायावरचा रस्ता दोन पावसाळेही टिकू देत नाही. मग जुन्या रस्त्यावर नवा सिमेंटचा थर चढतो, रस्ता घराच्या जोत्याहून उंच होतो आणि पावसाचे पाणी रस्त्यावरून घरात शिरते. वऱ्हाडातील कित्येक गावांत हा अनुभव आहे. रस्ता उखडून मूळ पातळीवर करावा आणि आधी नाली, मग रस्ता हा क्रम मोडू नये, एवढी साधी शिस्त पाळली तरी निम्मा पैसा वाचेल.

चंद्रभागेविषयीही हेच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा या दोन रेषांना बांधकामाच्या परवानगीत निर्णायक महत्त्व आहे. त्या रेषा दप्तरात नव्हे तर जमिनीवर, दगडी खुणांच्या रूपाने, सर्वांना दिसतील अशा असल्या पाहिजेत. वर्षातील आठ-दहा महिने नदी मुकी असते. म्हणून तिचे पात्र आपलेच आहे असे माणसाला वाटू लागते. नदी आपले पात्र विसरत नाही.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की दोष कायद्याचा, शासनाचा, पैशाचा. गावाने करावे तरी काय? स्कॉटलंडहून आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ च्या सुमारास इंदूरसाठी अहवाल लिहिला. जुन्या वस्त्या पाडून सरळ रस्ते काढण्याऐवजी थोडे दुरुस्त करा, विहिरी आणि झाडे राखा, लोकांना बरोबर घ्या, असा त्यांचा आग्रह असे. तेथे दिवाळीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार हे मुद्दाम अनिश्चित ठेवून, जेथे घरे आणि गल्ल्या अधिक स्वच्छ असतील तेथून ती नेण्याची युक्ती त्यांनी केली आणि सबंध शहर झाडू घेऊन उठले. तेच इंदूर २०१७ पासून ओळीने आठ वेळा देशातील स्वच्छ शहरांत पहिले आले. पण आम्हांला इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. शेंडगावात जन्मलेले, दापुऱ्यात वाढलेले गाडगेबाबा याच परिसरातले. पूर्णेकाठच्या ऋणमोचनाला त्यांनी घाट बांधवला; कीर्तनापूर्वी गाव झाडला आणि नंतर गावाला जाब विचारला. त्यांच्या नावाचे स्वच्छता अभियान राज्यभर चालले. ज्या मातीने ते दिले त्या मातीतील शहराने कचऱ्याच्या ढिगाशेजारून नाकाला रुमाल लावून निघून जावे, ही विसंगती कोणत्याही कायद्याने आपल्यावर लादलेली नाही.

म्हणून नव्या सभेपुढे आम्ही काही निश्चित मागण्या ठेवतो. पहिली, प्रशासकांच्या काळातील कामे, करार आणि देणी यांची श्वेतपत्रिका सहा महिन्यांत प्रसिद्ध करावी. ती कोणाला दोषी ठरवण्यासाठी नव्हे, तर घराचा ताबा घेताना सामानाची यादी करावी त्या भावनेने. दुसरी, आकारणीचे काम पहिल्याच वर्षी सुरू करावे. तिसरी, विकास योजनेतील प्रत्येक राखीव जागेवर तिचे प्रयोजन आणि मुदत लिहिलेला फलक लावावा आणि त्यांपैकी ज्या दोन-तीन जागा गावाच्या दृष्टीने अत्यावश्यक असतील त्यांच्या संपादनाची तरतूद अंदाजपत्रकात आधी करावी. चौथी, पाण्याचे वेळापत्रक आणि साठवण यांबाबत जीवन प्राधिकरणाशी लेखी ठराव व्हावा. पाचवी, दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्रभागात नागरिकांची सभा घ्यावी. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांनाच प्रभाग समित्या बंधनकारक आहेत, दर्यापूरला नाहीत. परंतु कायद्याने सक्ती केली नाही म्हणून चांगली गोष्ट करू नये असेही कायद्यात कोठे म्हटलेले नाही.

शासनाकडेही एक मागणी आहे. पुढील जनगणनेची शिरगणती २०२७ च्या फेब्रुवारीत व्हावयाची आहे. आज अनुदाने आणि प्रभाग २०११ च्या आकड्यांवर चालले आहेत. नवे आकडे हाती येताच लहान शहरांच्या अनुदानाचे सूत्र नव्याने बांधावे आणि खारपाणपट्ट्यातील नगरपालिकांना पाण्याच्या जादा खर्चाचा स्वतंत्र भार त्यात धरावा. गोड पाण्याच्या विहिरीवर वसलेले गाव आणि धरणातून मैलोगणती पाणी आणणारे गाव यांना एकाच मापाने मोजणे हा समभाव नव्हे.

शेवटचा शब्द वाचकांसाठी. दर्यापुरातील वकील, डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी आणि निवृत्त अधिकारी हा वर्ग नगरपालिकेविषयी पुष्कळ बोलतो. परंतु विकास योजनेवर हरकती मागवल्या जातात तेव्हा लेखी हरकत देणारे त्यांच्यातील किती असतात? अंदाजपत्रक मागून वाचणारे किती? निवडणुकीला उभे राहणे हे आपल्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे आहे, असे मानून ज्यांनी मैदान सोडले त्यांना मैदानात कोण आले याची तक्रार करण्याचा अधिकार अर्धाच उरतो. चार वर्षे लोकांचे सभागृह बंद राहिले आणि त्याविरुद्ध या वर्गातून फारसा आवाज उठला नाही, हे लक्षण नगरपालिकेच्या कोणत्याही दुखण्याहून अधिक चिंतेचे आहे. सभागृहाचे दार आता उघडले आहे. ते पुन्हा बंद होऊ द्यायचे नसेल तर आत बसलेल्यांवर बाहेर उभ्या असलेल्यांची नजर सतत असली पाहिजे. नव्या नगराध्यक्षांनी आणि सदस्यांनी त्या नजरेला भिऊ नये. तिचे स्वागत करावे. त्यातच त्यांचे आणि दर्यापूरचे हित आहे.